रुख्माबाई पुढे जातात

१७ सप्टेंबर २०२४, मंगळवार

पडले. कुडवा नाक्यावर, चहाच्या टपरीसमोर, आठ-दहा माणसांदेखत. सायकलचा दोष नाही — मी पाय थांबवला. या सायकलवर पाय थांबवायचा नसतो. चाक फिरतं तोवर पायडल फिरतं आणि पायडल फिरतं तोवर पाय. भाचा भुवनेश्वर बजावून गेला होता, मामी, हिला फ्रीव्हील नाही, उतारावरही आराम नाही. फिक्स्ड गिअर म्हणतात म्हणे. नागपूरला दोन वर्षं तो यावर फिरला, मग बंगळुरूला नोकरी लागली आणि सायकल आमच्या अंगणात आली.

कोपर खरचटलं. टपरीवाल्याने पाणी दिलं. एकजण हिंदीत म्हणाला, मॅडम, स्कूटी ले लो. स्कूटी होतीच. पण दिवसभर मी एक्स-रेच्या बंद खोलीत असते, खिडकीसुद्धा नाही. जाता-येता तरी वारा लागावा असं वाटतं. कुडव्याहून फुलचूरच्या पुढे दवाखान्यापर्यंत नऊ किलोमीटर. सातची पाळी, सहा-दहाला निघायचं. जमेल.

घरी नवऱ्याला, धर्मेंद्रला, कोपर दिसलं. त्याने डेटॉल आणून ठेवलं आणि स्कूटीची चावी बाटलीशेजारी ठेवली.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज पडले नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आता जमायला लागलंय. सलवारच्या उजव्या पायाला कपड्यांचा चिमटा, ओढणी कमरेला गाठ मारून. थांबायचं असेल तर पायांनी मागे रेटायचं, अगदीच वेळ आली तर पुढचा ब्रेक. पायांना सारखं काम असल्यामुळे डोकं रिकामं राहतं. दवाखान्यात पोचते तेव्हा झोप पार उतरलेली असते.

आणि एक गंमत कळली. बाईने ओलांडलं की माणसाला एकदम घाई होते. रोज तीन-चारजण तरी. डबा लटकवून आरामात चाललेला माणूस — मी बाजूने गेले की सीटवरून उठून उभा राहतो, धापा टाकत पुढे जातो, आणि पन्नास पावलांवर पुन्हा आरामात. मग मी पुन्हा पुढे. मग तो पुन्हा उभा. रेल्वेच्या पुलाच्या चढावर तर एकाने मला मागे टाकण्यासाठी इतका जोर लावला की चेन उतरली. मी हसले नाही. पुलाखाली उतरल्यावर हसले.

हेल्मेटवाले एक साहेब आहेत, बँकेत मॅनेजर. एकवीस गिअरची सायकल, चकचकीत कपडे. त्यांना मी गेल्या गुरुवारी ओलांडलं. तेव्हापासून मी दिसले की ते फोन काढून बोलायला लागतात — म्हणजे त्यांचं लक्षच नव्हतं!

मला हे आवडतं. इथे लिहायला हरकत नाही. वर्गात कधी पहिली आले नाही, नोकरीत बारा वर्षं एकाच खोलीत. रस्त्यावर मात्र मागे राहत नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

आज मला ओलांडलं. बाईने.

पूल उतरून जरा सपाट रस्ता लागतो तिथे मागून किर्र किर्र आवाज आला. वाटलं, असेल कोणी. मी माझ्या चांगल्या वेगात होते. आवाज बाजूला आला, पुढे गेला. जुनी काळी लेडीज सायकल, पुढे वेताची टोपली, कॅरिअरला दोरीने बांधलेली पिशवी. पन्नाशी उलटलेली बाई, सुती पातळ, केसांचा घट्ट अंबाडा. उभी राहिली नाही, वाकली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. पाठ सरळ ठेवून निघून गेली, जशी आपल्याच अंगणातून चालली आहे.

मी उभी राहिले. हो, सीटवरून उठून, त्या डबेवाल्यासारखी. तरी सापडली नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार

पुन्हा. त्याच ठिकाणी.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आज ठरवून निघाले. मधल्या चौकातून फुलचूर नाक्यापर्यंत जीव तोडून चालवली. ती पुढेच. अंतर कमी झालं नाही, वाढलंही नाही. नाक्यावर ती सरळ गेली, मी दवाखान्याकडे वळले. खोलीत शिरले तेव्हा धाप लागलेली होती. पहिला पेशंट टेबलावर आडवा होऊन माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, मॅडम, बसून घ्या, मले काही घाई नाही.

लाज वाटली. पण तिची पाठ डोळ्यासमोरून जात नाही. इतकी शांत पाठ.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आज काहीतरी दिसलं. पुलाच्या उतारावर मी तिच्या मागेच होते. सगळे तिथे पाय थांबवतात, सायकल आपोआप जाते. तिचे पाय फिरत होते. भराभर, न थांबता. माझ्यासारखेच.

संध्याकाळी चेन घट्ट करायला फुलचूर नाक्यावर उदारामभाऊंकडे गेले. सायकल दुरुस्तीचं त्यांचं जुनं दुकान, मागे वेल्डिंगची मशीन. माझी सायकल उलटी करून चाक फिरवलं आणि म्हणाले, मोठ्या शहरातून आणली काय तुम्ही हे? अशी एक आपल्या इथं अकरा वर्षांपासून चालून राहिली.

रुख्माबाईची. नाव आज कळलं. अकरा वर्षांपूर्वी तिचं फ्रीव्हील खराब झालं, पायडल मारलं की घसरायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायचंच होतं आणि दुकानात सामान नव्हतं. म्हणून उदारामभाऊंनी ते वेल्ड करून टाकलं, दोन दिवसांसाठी. दोन दिवसांनी नवं घेऊन बसले तर बाई म्हणाली, राहू द्या, आता पायाले सवय झाली.

आणि मी गेला महिनाभर दवाखान्यात सगळ्यांना सांगत होते की गोंदियात अशी सायकल माझ्या एकटीची!

२१ ऑक्टोबर, सोमवार

बोलले. रेल्वेखाली कोणाची तरी गाय आली म्हणून पुलाजवळ गर्दी झाली होती, दोघी थांबलो होतो. मीच विचारलं, तुम्ही रोज मला मागे टाकता, कुठे जाता इतक्या घाईने? तिला नवल वाटलं. मी तिच्या ध्यानातच नव्हते.

फुलचूरच्या पलीकडे मुलींचं वसतिगृह आहे, तिथे ती स्वयंपाक करते. चौऱ्याऐंशी मुली. सातला चूल पेटली तर आठला नाश्ता होतो, नाहीतर मुली उपाशी शाळेत जातात. घर कुडव्याच्या मागच्या गावात. म्हणजे माझ्यापेक्षा चार किलोमीटर जास्त, तेही रोज, एकोणीस वर्षं. नवरा वारला तेव्हा मुलगा कैलाश सातवीत होता. आता तो रायपूरला कारखान्यात आहे.

सायकल कुठे शिकलात, विचारलं. म्हणाली, गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. इकडे पडलं त पाणी, तिकडे पडलं त धानाची बांधी. म्हणून सरळ चालवायले शिकली.

तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाची मुलगी. आजोबा-पणजोबांनी बांधलेली ती पाळ, असं सहज सांगून गेली. मी म्हटलं, आम्ही पोवार, आमच्याकडे मुलींना सायकल शाळा सुटली की बंद. हसली. समोरचे दोन दात नाहीत. फार छान हसते.

मग रस्ता मोकळा झाला आणि अर्थात ती पुढे गेली. आज वाईट वाटलं नाही. हे मलाच नवीन आहे.

११ नोव्हेंबर, सोमवार

हेल्मेटवाल्या साहेबांचा रविवारचा सायकल ग्रुप आहे. सव्वीस जानेवारीला वीस किलोमीटरची स्पर्धा ठेवणार आहेत, बायकांची वेगळी. साहेब स्वतः नाक्यावर माझ्याजवळ आले, म्हणाले, आप जरूर आइए. मी म्हटलं, माझ्याहून जोरदार एक आहे.

आज रुख्माबाईंना सांगितलं. आता रोज पुलाच्या पायथ्याशी दोन मिनिटं सोबत चालतो, मग त्या जातात. त्यांनी नीट ऐकून घेतलं. विचारलं, ही रेस जाते कुठं? मी सांगितलं, नेहरू चौकातून निघून गोरेगाव रस्त्याने दहा किलोमीटर, आणि परत तिथेच.

"परत तिथंच यायचं त मग जायचं कायले?"

मी बक्षीस मिळेल म्हटलं, पेपरात फोटो येईल. त्या म्हणाल्या, त्या दिवशी झेंडावंदन राहते, मुलींले बुंदी पाडून द्यायची राहते. आणि पुढे गेल्या.

दिवसभर फिल्मा लावताना हेच डोक्यात. त्या कोणालाच मागे टाकत नाहीत. त्या फक्त चुलीकडे जातात. मागे पडतो तो आपला आपण.

मीही नाव दिलं नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

आज मी पुढे!

सकाळी आता अंधार असतो. भुवनेश्वरने सायकलला मागे लाल दिवा लावून दिला होता, लुकलुकणारा. तो मी या आठवड्यापासून लावते. पूल उतरले, किर्र किर्र आली, आणि वाट बघत राहिले — आवाज मागेच. फुलचूर नाक्यापर्यंत मागेच! तोवर उजाडलं होतं, वळताना हात दाखवला. त्यांनीही दाखवला.

अडीच महिन्यांची मेहनत. पायांत खरंच जोर आलाय. धर्मेंद्रला सांगितलं तर म्हणाला, त्या बाईचं वय काय, तुझं काय. सांगायलाच नको होतं.

१२ डिसेंबर, गुरुवार

सलग नववा दिवस. आज त्यांना म्हटलं, रुख्माबाई, आता तुम्ही मागे पडायला लागलात. त्या म्हणाल्या, जाय न तू पुढं, मी येऊन राहिली मागून. रागाचा लवलेश नाही. मला हे कधी जमेल? मी दोन महिने जळत होते आणि या हसत मागे राहतात. मनाचा एवढा मोठेपणा मी अजून कोणात बघितला नाही.

मात्र एक. मी वेग वाढवला की मागची किर्र किर्रही वाढते. मी कमी केला की तीही कमी होते. म्हणजे जोर आहे. मग पुढे का येत नाहीत?

२७ डिसेंबर, शुक्रवार

आजही मी पुढे, त्या मागे. पूर्वी मला त्यांना बघून मजा यायची ती आता येत नाही. ती पाठच दिसत नाही ना.

८ जानेवारी २०२५, बुधवार

सावकाश लिहिते. सगळं लिहिलं पाहिजे.

पहाटे दाट धुकं होतं. अंगणातली तुळस दिसत नव्हती. धर्मेंद्र म्हणाला, आज सायकल नाही, मी मोटरसायकलने सोडतो. मलाही थंडी वाजत होती. निघालो. पुलाच्या अलीकडे धुक्यात काळी सायकल दिसली, आमच्या दिव्याच्या उजेडात. रुख्माबाई होत्या, अगदी हळू चालल्या होत्या, रस्त्याच्या कडेला. मी धर्मेंद्रच्या मागे बसून हात हलवला. ओरडलेही, "आज तर मोटरवर पुढे!" त्यांनी मान वळवली, पण बघितलं भलतीकडेच. मला वाटलं, ऐकू आलं नाही. आम्ही निघून गेलो.

साडेसातला त्यांना दवाखान्यात आणलं. पुलाच्या पलीकडे रस्त्याचं काम चालू आहे, मुरमाचा ढीग टाकलाय. त्या सरळ ढिगावर गेल्या. एका ऑटोवाल्याने उचलून आणलं. डावं मनगट वाकडं झालेलं, कपाळाला खोक.

फोटो मीच काढला. दुसरं कोण काढणार, खोली माझी. प्लेटवर हात ठेवताना त्यांनी दात घट्ट आवळले, आवाज केला नाही. हाड तुटलंय हे बघताक्षणी दिसलं. मी म्हटलं, रुख्माबाई, एवढा मोठा ढीग, दिसला नाही?

मग म्हणाल्या,

"तुहा लाल दिवा आज नव्हता. मले वाटलं, उशीर झाला असल तुले."

मला आधी समजलंच नाही. त्यांनीच सांगितलं, अगदी साधेपणाने. दोन वर्षांपासून डावा डोळा जवळपास गेलाय. उजव्याने समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. उजेडात काम भागतं, अंधारात काहीच नाही. दिवाळीनंतर सकाळी अंधार पडायला लागला तेव्हा काम सोडावं लागतं की काय असं झालं होतं. मग एक दिवस पुढे लाल दिवा दिसला. तो वळला की वळायचं, तो उडाला की खड्डा, तो हळू झाला की हळू.

"तू पुढं असली की मले रस्ता रायते," म्हणाल्या.

मी महिनाभर जिंकत होते.

बाहेर येऊन पॅसेजमध्ये उभी राहिले. पुढचा पेशंट हाक मारत होता. आज पहाटे मी त्यांच्या बाजूने गेले, हात हलवत गेले, आणि दिवा माझ्या अंगणात सायकलला लावलेला होता.

९ जानेवारी, गुरुवार

झोप नाही. धर्मेंद्र म्हणाला, तुला माहीत नव्हतं, तुझी काय चूक. बरोबर आहे त्याचं. तरी मीच हे म्हटलं असतं तर बरं वाटलं नसतं, त्याने म्हटलं म्हणून थोडं वाटलं. मग तो म्हणाला, मोटरसायकल हळू केली असती तर. तोही विचार करतोय म्हणजे.

वसतिगृहात फोन केला होता. काल नाश्ता मुलींनी स्वतःच केला. पोहे करपले म्हणे. सगळ्यांनी खाल्ले.

१८ जानेवारी, शनिवार

कैलाश रायपूरहून आला. आम्ही तिघं नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. मी रजा काढली. काचबिंदू आहे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, गेलेली नजर परत येत नसते. ऑपरेशन केलं तरी आहे तेवढीच वाचेल. थेंब रोज, आयुष्यभर. घरातली कामं, स्वयंपाक, सगळं करू शकतात. सायकल चालवणं बंद. दिवसासुद्धा.

परतीच्या गाडीत रुख्माबाई खिडकीशी बसल्या होत्या. कैलाश समजावत होता, आई, आता बस झालं, रायपूरला चल, सून आहे, काही कमी नाही पडणार. तो चांगला मुलगा आहे, खरंच मनापासून म्हणत होता. त्या ऐकत होत्या. तुमसर गेल्यावर म्हणाल्या, "काम मी सोडीन. पण माह्या पायानं सोडीन, डोळ्यानं नाई."

कैलाशने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

त्यांना रडताना बघितलं नाही. मला वाटलं होतं, आज रडतील. पिशवीतून पेरू काढले, तिघांना दिले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दवाखाना रिकामा. अर्धा स्टाफ कचारगडच्या जत्रेला गेलाय, बाकीचे पेशंटही तिकडेच असावेत. दोन वाजता सुटले ती रुख्माबाईंच्या गावी गेले.

ओसरीत बसून एका हाताने लाखोळीची भाजी खुडत होत्या. प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. वसतिगृहाच्या अधीक्षिका मॅडम चांगल्या आहेत, म्हणाल्या, मार्चपर्यंत जागा कोणाला देत नाही. पण जाणार कसं? पहाटे गावातून बस नाही. ऑटोवाले त्या वेळेला झोपलेले. कैलाशचा रोज फोन. त्या रोज म्हणतात, पुढच्या आठवड्यात सांगते.

काळी सायकल भिंतीला टेकवून ठेवली होती, पुसून. मी विचारलं, पुसता कायले? म्हणाल्या, ती रोजची सवय आहे, तिले काय सांगू डोळ्याचं.

मग मला विचारलं, तू चालवते न तुही? मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर चालवते, पण जोर लावावासा वाटत नाही. डबेवाले पुढे जातात, स्कूटीवाल्या जातात. हेल्मेटवाले साहेब काल पुढे गेले आणि पुढे जाऊन थांबले. विचारलं, मॅडम, तब्येत ठीक है ना?

त्यांना रुख्माबाईंचं सगळं सांगितलं. ते बराच वेळ हेल्मेट हातात धरून उभे होते. म्हणाले, मला त्या बाईंनी नोव्हेंबरात तीनदा मागे टाकलं होतं, मी कोणाला सांगितलं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

रात्री एक विचार आला, सकाळी तो मूर्खपणाचा वाटला, दुपारी तरीही उदारामभाऊंच्या दुकानात जाऊन सांगितला. ते आधी हसले. मग माझी सायकल बघितली, दोरीने तिची लांबी मापली. म्हणाले, पंधरा दिवस द्या. आणि ती काळी घेऊन या.

धर्मेंद्रला सांगितलं. वाटलं होतं, लोक काय म्हणतील म्हणेल. तो म्हणाला, भुवनेश्वरला विचारलंस का, सायकल त्याची आहे. विचारलं. त्याने फोनवर एवढंच म्हटलं, मामी, कापताना व्हिडिओ काढून पाठवा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

अंधार पडताना काळी सायकल मागायला गेले. का हवी ते सांगितलं. रुख्माबाईंना दुखावलं की काय, असं वाटलं. मग उठल्या, हाताने चाचपत सायकलपर्यंत गेल्या आणि टोपलीतलं सायकलचं जुनं कुलूप काढून घेतलं. हे राहू दे माह्याजवळ, म्हणाल्या. बाकी नेय.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

उदारामभाऊंनी हँडल दोनदा तोडलं, दोनदा जोडलं. आज मागच्या सीटवर स्वतः बसून कुडवा नाक्यापर्यंत फेरी मारली. पुढे मी. दोघं पडलो. टपरीवाले आता पाणी तयारच ठेवतात.

३ मार्च, सोमवार

पहाटे पावणेसहाला त्यांच्या दारात. दोन सांगाडे जोडून एक लांब सायकल. पुढची अर्धी माझी, मागची अर्धी त्यांची. दोन सीटा, पायडलांच्या दोन जोड्या, मध्ये चेन. फ्रीव्हील कुठेच नाही — एकीचा पाय फिरला की दुसरीचा फिरणारच. शेजारचे उठून बघायला आले. रुख्माबाईंनी पदर खोचला, सीट हाताने शोधली आणि बसल्या.

पहिली शंभर पावलं वाकडी गेलो. मग त्यांचे पाय लागले. मला माहीत नव्हतं, माणसाच्या पायात इतकं बळ असतं. पुलाचा चढ आला तोही कळला नाही.

उतार संपल्यावर मागून घुर्र आवाज आला आणि एक स्कूटीवाली मुलगी बाजूने निघून गेली. मी जाऊ दिली. मला आता कोणी पुढे गेल्याचं काही वाटत नाही.

"कोण गेलं व?" मागून विचारलं.

सांगितलं, कॉलेजची पोरगी आहे, स्कूटीवर.

मग माझ्या पायाखालचं पायडल एकदम जोरात फिरायला लागलं.

"पकड तिले," रुख्माबाई म्हणाल्या.